हृदय सुरू झालं, पण मेंदूचं काय?

नाशिकच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाचा आयसीयू डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या बाकावर सासू-सुना बसल्यात. पायाशी कापडी पिशवी, तिच्यात फडक्यात गुंडाळलेली नागलीची भाकरी, सकाळपासून तशीच. समजा, त्या मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरून आल्यात. लावणीचे दिवस. घरचा कर्ता माणूस ओढ्याच्या पाण्यात सापडला. लोकांनी बाहेर काढलं तेव्हा श्वास नव्हता, नाडी लागत नव्हती. गावातल्या आशाताईनं धावत येऊन तोंडानं श्वास दिले, छाती दाबली. मग गाडी, मग घाट, मग रुग्णालय. आता डॉक्टर बाहेर येऊन सांगताहेत, "हृदय चालू आहे, पण शुद्ध नाही. निदान तीन दिवस तरी वाट बघावी लागेल."

सासू देवाला हात जोडते. सून मात्र विचारते, "हृदय चालू झालं ना, मग उठत का नाहीत? आणि तीन दिवस वाट कशाची बघायची?"

मैत्रिणींनो, प्रसंग कल्पनेतला असला तरी सुनेचा प्रश्न अगदी खरा आहे. हा प्रश्न पडलेल्या कितीतरी बायका आज कुठल्या ना कुठल्या आयसीयूबाहेर बसलेल्या असतील. याचं उत्तर मेंदूतल्या एका फार चिमुकल्या पेशीपाशी घेऊन जातं. आज तिचीच ओळख करून घेऊ.

आधी एक गफलत दूर करू

आपण बोलताना 'हार्ट अटॅक' आणि 'हृदय बंद पडणं' एकाच अर्थानं वापरतो. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. छातीत दुखतं, घाम फुटतो, पण माणूस बहुतेक वेळा बोलत असतो. हृदय बंद पडणं, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत 'कार्डिॲक अरेस्ट', यात रक्त पुढे ढकलणंच थांबतं. दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. हार्ट अटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, पण बुडणं, विजेचा धक्का, वीज अंगावर पडणं, गळफास, बाळंतपणातला जबरदस्त रक्तस्राव यांनीही येऊ शकतो. मण्यार चावली तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो आणि त्यामागून हृदयही थांबतं. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या घरांना मण्यारीची भीती वेगळी सांगायला नको.

आता मेंदूकडे येऊ. आपल्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव शरीराच्या एकूण प्राणवायूतला पाचवा हिस्सा एकटा खातो. आणि साठवण तर काहीच नाही! घरात दाण्याची कणगी असते तशी मेंदूत प्राणवायूची कणगी नसते. रोजचं आणायचं, रोजचं खायचं, असा त्याचा संसार. म्हणून रक्त थांबलं की चार-पाच मिनिटांतच इजा सुरू होते.

ही काही मिनिटं किती महाग पडतात, हे महाराष्ट्रानं डोळ्यांनी पाहिलं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. तो हृदय बंद पडण्याचा प्रकार नव्हता, पण गळा आवळला गेल्यानं मेंदूचा प्राणवायू तुटला. त्या पुन्हा पूर्ण भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं त्यांचं निधन झालं. तोवर तब्बल ४१ वर्षांहून अधिक काळ केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना घरच्या माणसासारखं सांभाळलं.

मेंदूतले राखणदार

बरं, इजा पाच मिनिटांत झाली आणि मग हृदय सुरू झालं, तर गोष्ट तिथेच संपायला हवी, नाही का? संपत नाही. कारण रक्त परत आल्यावर मेंदूत दुसरा अंक सुरू होतो, आणि त्यातलं मुख्य पात्र म्हणजे 'मायक्रोग्लिया'.

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी. स्पेनमधले शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये चांदीच्या क्षाराचा रंग वापरून त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. मेंदूतल्या साधारण दहा पेशींमागे एक, असं त्यांचं प्रमाण. त्यांची जन्मकथा तर आपल्याला फारच ओळखीची वाटेल. या पेशी मेंदूत जन्मत नाहीत. गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना, त्याच्या बाहेरच्या पिशवीत त्यांचा जन्म होतो. तिथून प्रवास करून त्या आकार घेणाऱ्या मेंदूत येतात, आणि मग आयुष्यभर तिथल्याच होऊन राहतात. माहेर सुटलेलं, आणि सासरची सगळी राखण यांच्याच शिरावर!

पूर्वी समज होता की काही बिघडेपर्यंत या पेशी नुसत्या बसून असतात. २००५ मध्ये दोन शास्त्रज्ञगटांनी जिवंत उंदराच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकातून डोकावलं, तेव्हा वेगळंच दिसलं. या पेशी आपल्या बारीक फांद्या सतत हलवत, चाचपत असतात. काही तासांत सगळा परिसर नजरेखालून घालतात. शेतातल्या माळ्यावर बसलेला राखणदार चारही बाजूंना नजर फिरवतो ना, तसंच. शिवाय मेलेल्या पेशींचा केर काढायचा, लहान मुलांच्या मेंदूत नको असलेले जोड छाटायचे, ही घरकामंही त्यांचीच.

राब आणि वणवा

हृदय थांबतं, चेतापेशी उपाशी पडतात, फुटतात. त्यांच्यातून सांडलेली रसायनं म्हणजे राखणदाराला मारलेली हाकच. मायक्रोग्लिया आपल्या फांद्या आखडून घेतात, गोलसर होतात आणि जखमेकडे धावतात. तिथे पोचून त्या दाह पेटवणारी रसायनं सोडतात.

दाह म्हटलं की आपल्याला वाईटच वाटतं. पण जव्हार-मोखाड्याच्या शेतकरणीला विचारा. पावसाआधी रोपाच्या तुकड्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजतात. तण जळतं, जमीन भुसभुशीत होते आणि मग त्यात नागलीचं, भाताचं रोप तरारून येतं. ही आग हवीच असते. तीच आग वाऱ्यानं बांधाबाहेर सुटली तर? वणवा! मग तण जळतं तसं झाडही जळतं.

मायक्रोग्लियाचं नेमकं असंच आहे. मेलेल्या पेशी उचलणं, जखमेची जागा साफ करणं, शिल्लक चेतापेशींना पोषक द्रव्यं पुरवणं, हा झाला राब. पण दाह हाताबाहेर गेला की वाचण्यासारख्या, नुसत्या जखमी झालेल्या चेतापेशीही त्यात होरपळतात. रक्तातून मेंदूत काय शिरावं आणि काय नाही, यावर पहारा करणारी भिंतही सैल पडते, मेंदूला सूज येते. हा झाला वणवा.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत. मेंदूत आठवणी घडवणारा एक भाग आहे, 'हिप्पोकॅम्पस'. त्यातल्या काही चेतापेशी हृदय सुरू झाल्यावरही दोन-तीन दिवसांनी मरतात, हे १९८० च्या दशकातल्या संशोधनानं दाखवलं. म्हणजे घटना घडून गेली, माणूस रुग्णालयात पोचला, हृदय ठोके देतंय, आणि आत मात्र काही पेशींचा जगू की मरू हा झगडा अजून चालूच आहे. सुनेच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे.

मग या राखणदारांना औषध देऊन गप्पच का करू नये? शास्त्रज्ञांनाही असंच वाटलं होतं. पण पक्षाघातासारखी इजा केलेल्या उंदरांमध्ये मायक्रोग्लिया आधीच काढून टाकल्या, तेव्हा काही प्रयोगांत इजा कमी होण्याऐवजी वाढली. राखणदार हाकलून शेत राखता येत नाही! त्यांना मारायचं नाही, तर वेळेवर शांत करायचं, पेटवण्याच्या कामातून निस्तरण्याच्या कामाकडे वळवायचं, या दिशेनं आता संशोधन चाललंय. प्राण्यांमध्ये काही औषधांनी आशा दाखवली आहे. माणसांसाठी मात्र हृदय बंद पडल्यानंतर मायक्रोग्लियाला आवर घालणारं सिद्ध झालेलं औषध अजून नाही. म्हणून 'मेंदूच्या पेशी परत आणणारं' महागडं टॉनिक कुणी विकायला आलं, तर दागिना गहाण टाकू नका.

एका बापाची जिद्द

या विषयात एक नाव घ्यायलाच हवं. व्हिएन्नात जन्मलेले, पुढे अमेरिकेत गेलेले भूलतज्ज्ञ डॉ. पीटर साफर. तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं यांची सांगड घालून आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, ते घडवणाऱ्यांत ते अग्रणी होते. १९६६ मध्ये त्यांच्याच लहानग्या मुलीला दम्याचा जबर झटका आला. तिचं हृदय पुन्हा सुरू झालं, पण मेंदू वाचला नाही. ज्यानं जगाला हृदय सुरू करायला शिकवलं, त्याच्याच घरी हे घडलं. त्यानंतर साफर यांनी सांगायला सुरुवात केली की नुसतं हृदय आणि श्वास पुरे नाही, मेंदू वाचवणं हेच खरं ध्येय. पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग शहरात त्यांच्या पुढाकारानं एक रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिच्यात वस्तीतल्या गरीब, कृष्णवर्णीय तरुणांना प्रशिक्षण देऊन नेमलं होतं. रुग्णालय येईपर्यंत नुसतं न्यायचं नाही, तर वाटेतच उपचार करायचे, ही पद्धत रुजवण्यात त्या सेवेचा मोठा वाटा आहे.

मेंदू थंड ठेवला तर दाह कमी होईल, या विचारानं २००२ मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातले दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. रुग्णाचं शरीर ३२ ते ३४ अंशांपर्यंत थंड केल्यानं फायदा दिसला. जगभर ती पद्धत पसरली. पण २०२१ मध्ये सुमारे १,८५० रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात इतकं थंड करणं आणि नुसता ताप चढू न देणं, यांच्या निकालात फरक आढळला नाही. म्हणून आज भर आहे तो पहिले दोन-तीन दिवस ताप येऊ न देण्यावर. वणव्याला वारा घालायचा नाही, इतकं साधं सूत्र.

तीन दिवस कशाची वाट?

आता सुनेच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. झोपेची औषधं उतरायला वेळ लागतो. मेंदूची सूज, पेशींचा तो उशिराचा झगडा, हे सगळं पहिल्या दिवशी कळत नाही. म्हणून डॉक्टर किमान ७२ तास थांबतात. मग डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला दाद देतात का, मेंदूचा विद्युत आलेख काय सांगतो, स्कॅनमध्ये काय दिसतं, हे सगळं एकत्र बघून अंदाज बांधतात. एकाच तपासणीवर निकाल देत नाहीत. काही जण त्यानंतरही जागे होतात. काही होत नाहीत. खोटी आशा नको आणि घाईनं 'काही राम नाही' असंही नको.

जागा झालेला माणूसही लगेच पहिल्यासारखा नसतो. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पटकन चिडतो, लवकर थकतो, एकच गोष्ट दहादा विचारतो. 'मुद्दाम करतात' असं वाटून घरात भांडणं होतात. पण तो हिप्पोकॅम्पसचा घाव असतो, स्वभाव नव्हे. अशा वेळी दिनक्रम ठरावीक ठेवा, एका वेळी एकच काम सांगा, वही-पाटीवर लिहून ठेवा. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला, तोंड स्वच्छ ठेवा, बसवूनच भरवा. शरीरात जंतुसंसर्ग झाला की त्याची वर्दी मेंदूतल्या राखणदारांपर्यंत पोचते आणि ते पुन्हा बिथरू शकतात. तेव्हा ताप आला, कफ भरला तर 'उद्या बघू' म्हणू नका. ही सगळी सेवा बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येते. तिचीही झोप झाली पाहिजे, तिलाही कुणी चार तास सुटी दिली पाहिजे.

सगळ्यात मोठं औषध आपल्या हातात

जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पण आयसीयूतल्या मोठ्या उपचारांसाठी बहुतेकदा नाशिक, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, तरी ज्या पाड्यापर्यंत रस्ताच नाही तिथे डांबरी गाठेपर्यंत डोलीच. मेंदूची मुदत मात्र चार-पाच मिनिटांची! म्हणजे मेंदू वाचवणारी पहिली व्यक्ती डॉक्टर असूच शकत नाही. ती शेजारीण असते, सून असते, शाळेतल्या बाई असतात.

'आम्हाला काय जमणार?' असं म्हणू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. जन्मल्यावर न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायला त्या शिकल्या. इतर आजारांवरच्या उपचारांचीही त्याला जोड होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : या उपाययोजना नसलेल्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ मध्ये घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशाताईंकडे आलं. बाळाचा मेंदूही प्राणवायूसाठी तितकाच आसुसलेला असतो, आणि तो वाचवणारे हात गावातल्या बाईचे होते.

तर एवढं पाठ करा.

हाक मारून, खांदे हलवून माणूस दाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर लगेच १०८ ला फोन लावा आणि स्पीकर चालू ठेवा. अधूनमधून येणारे आचके, घरघर म्हणजे श्वास नव्हे. इथेच पुष्कळ जण फसतात.

खाटेवर नाही, जमिनीवर उताणं निजवा. छातीच्या मधोमध एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात. कोपरं ताठ. उखळात कांडताना लावतो तसं अंगाचं वजन लावून छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली दाबा आणि पूर्ण वर येऊ द्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. दोन मिनिटांनी दमाल, दुसरीला बसवा. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकारानं सामान्य माणसांसाठी जी सोपी पद्धत ठरवली आहे, तिच्यात नुसता छातीदाबच आहे. पण बुडालेल्याला, गळफास बसलेल्याला, साप चावून श्वास थांबलेल्याला आणि लहान मुलाला, शिकलेली व्यक्ती असेल तर, ३० दाबांमागे २ श्वासही द्यावेत.

कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी ओतू नका, 'आधी भगताला बोलवू' म्हणून थांबू नका. काहीच न केल्यास दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते.

आणखी एक. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना जवळच्यांकडून छातीदाब मिळाला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. बाईच्या छातीला हात कसा लावायचा, हा संकोच तिकडेही आहे, मग आपल्याकडे किती असेल? म्हणून तर हे आपण बायकांनी शिकून ठेवायचं. पुरुष बिचकले तरी आपण बिचकायचं नाही. पुढच्या बचतगटाच्या बैठकीत एक तास यासाठी काढा. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलवा, उशीवर नाही तर बाहुल्यावर सराव करा.

आता पुन्हा त्या बाकाकडे. तिसरा दिवस उजाडलाय. आत काय होईल ते मी ठरवून लिहिणार नाही, कारण खरोखरीच ते दोन्ही बाजूंनी होऊ शकतं. पण कुणी त्या सुनेला जवळ बसवून एवढं तरी सांगावं : बाई, तुझ्या माणसाच्या डोक्यात आग लागून गेली आहे. राखणदार कामाला लागलेत. त्यांनी राब भाजला की वणवा पेटला, हे कळायला हे दिवस लागतात. आणि त्या ओढ्याकाठी आशाताईनं जी मिनिटं वाचवली, ती कुठल्याही औषधापेक्षा मोठी होती.

आणि मग तिच्या पिशवीतली भाकरी काढून तिला दोन घास खायला लावावेत.